दगडी बरी झाल्याचं ठरलं

लग्नात वडिलांनी मला तळेऱ्याहून एक तांब्याचा हंडा आणि एक गाय दिली. हंड्याला आचऱ्याच्या सासरी कुणी नावं ठेवली नाहीत. गायीचं मात्र प्रत्येक दुखणं माझ्या माहेरचं असे. वडिलांनी तिला वासरापासून वाढवलेलं. तिच्यावर त्यांचा माझ्याहून काकणभर जास्तच जीव होता.

साठ सालाच्या पुढेमागे ती दुसऱ्यांदा व्याली आणि आठवड्यात तिला दगडी झाली. मागच्या डाव्या सडाकडची कास सुजून घट्ट, आणि धारेतून दुधाऐवजी पिवळ्या गुठळ्या. सासूबाईंनी आधी दृष्ट काढली, मग हळदीचा लेप लावला, आणि दोन्ही हरल्यावर गुरांच्या डॉक्टरांना बोलावण्याची परवानगी दिली. तोवर जंतूला बिऱ्हाड थाटायला भरपूर वेळ मिळाला होता.

डॉक्टरांनी सडातून चढवायच्या औषधाच्या पाच नळ्या दिल्या. रोज एक; दूध चांगलं दिसलं तरी पाचही संपवायच्या, असं त्यांनी दोनदा बजावलं. आम्ही माना डोलावल्या. मान डोलावण्यात आमचं घर कधी कमी पडलं नाही.

चौथ्या दिवशी दूध पांढरंशुभ्र आलं. पहिलं चांगलं दूध देवाला, असा सासूबाईंचा नवस होता, म्हणून ते देवळात गेलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, की लेकरांच्या गायीची पीडा दूर केलीस, अशीच कृपा ठेव. जमलेले सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. मीही म्हणाले. कासेतल्या जंतूनेही म्हटलं असणार. सगळं त्याच्याच सोयीचं चाललं होतं.

घरी येऊन मी चौथी नळी हातात घेतली, तर सासूबाई आडव्या आल्या.

"देवान बरी केल्यान गो तिका. आता औषध घातलंस तर देवाक काय वाटात?"

देवाला काय वाटेल हे त्यांना नेहमीच अचूक कळत असे. मी नळी ठेवून दिली.

पुढे माझा मुलगा गुरांचा डॉक्टर झाला, तेव्हा कासेत काय घडलं ते कळलं. जंतूला खाऊन टाकायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं. त्या तिथे पोचून आधी दुधातलं लोणीच खायला लागतात, लग्नघरी कामाला बोलावलेले पाहुणे पंगतीला बसतात तसं. पोट भरल्यावर लढायला त्राण राहत नाही. ज्या थोड्या कामाला लागतात त्या जंतूला गिळतात, पण हा गिळल्यावरही मरत नाही. त्यांच्याच पोटात आरामात राहतो, आणि तिथे औषधही धड पोचत नाही. बाहेर दूध स्वच्छ. मुलगा हे हसत हसत सांगत होता. मला हसू आलं नाही.

पंधरवड्यात दगडी परतली आणि तो सड कायमचा निकामी झाला. तळेऱ्याची गुरं मुळातच नाजूक, असा सासूबाईंचा निकाल लागला.

जत्रेला वडील आले. ते आधी गोठ्यात गेले. गाय त्यांचा हात चाटत राहिली. जुन्या सवयीने ते धार काढायला बसले आणि पहिला हात मागच्या डाव्या सडावर गेला. दोनदा ओढून पाहिलं. मग त्यांनी उरलेल्या तीन सडांचं दूध काढलं आणि कासंडी माझ्याकडे दिली.

त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी सासूबाईंचं नाव सांगितलं असतं, आणि ते खोटं ठरलं असतं. नळी माझ्या हातात होती.