समुद्रक्कांच्या नकाशातली एक रेघ

समुद्रक्कांना पोहता येत नव्हतं. ही गोष्ट धारवाडात सगळ्यांना ठाऊक होती, कारण त्या स्वतःच ती सगळ्यांना सांगत. साधनकेरीच्या तळ्याकाठी फिरायला गेल्या तरी पाण्यापासून चार हात लांबून चालायच्या. उभा जन्म समुद्राच्या तळाचा अभ्यास करणाऱ्या बाईनं पाण्याला एवढं भ्यावं, यावर कुणी हसलं की म्हणायच्या, "मला पाण्याशी काय करायचंय? मला खालची जमीन बघायची असते. पाणी मध्ये आलंय म्हणून सोसायचं."

त्यांचं कागदोपत्री नाव इथं सांगत नाही, सांगितलं तरी गावात कुणी ओळखणार नाही. कॉलेजातल्या कानडी मुलांनी त्यांना समुद्रक्का म्हणायला सुरुवात केली, मराठी मुलांनी ते उचललं, मग पोस्टमननं, आणि शेवटी त्यांच्या सख्ख्या भावानंही. उंची पाच फूट, साडी सुती, चष्मा नाकावर घसरलेला आणि कानामागं कायम एक पेन्सिल. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती पेन्सिल तिथंच. कॉलेजात शिकवायच्या भूशास्त्र, पण जीव सगळा अरबी समुद्राच्या तळाशी, जिथं जमिनीचे थर तुटून खालीवर सरकलेले असतात. त्या तुटीला पुस्तकात भ्रंश म्हणतात. अक्का सरळ भेग म्हणायच्या.

कुठं भूकंप झाल्याची बातमी आली की सगळी गल्ली त्यांच्या दारात. कलघटगीहून भाजी घेऊन येणारी गंगव्वा टोपली उतरवून विचारायची, "अक्का, आपल्याकडं येतो काय?" अक्का तिला आत बोलवायच्या, डब्यातली ज्वारीची कडक भाकरी काढायच्या आणि दोन्ही हातांनी हळूहळू वाकवायला लागायच्या.

"काही होतंय काय?"

"नाही की."

"होतंय. दिसत नाही एवढंच."

मग कट्कन आवाज. "आता मोडली म्हणशील. पण ती मघापासनं मोडत होती. भूकंप तसा." गंगव्वा भाकरीचा मोठा तुकडा उचलायची, त्यावर चटणी मागायची आणि मूळ प्रश्नाचं उत्तर न घेताच समाधानानं निघून जायची. "ते उत्तर मला ठाऊक नाही," अक्का मागाहून म्हणायच्या, "आणि ठाऊक आहे म्हणणाऱ्याच्या घरी चहासुद्धा पिऊ नये."

निवृत्तीच्या समारंभात त्यांनी दोनच मिनिटं भाषण केलं. "आपल्या देशाखालचा भूपट्ट सारखा उत्तरेला सरकतोय. माझ्या नोकरीच्या काळात हे आख्खं धारवाड माझ्या उंचीएवढं उत्तरेला गेलं. तरी बदलीचा भत्ता म्हणून सरकारनं एक पैसा दिला नाही." आणि खाली बसल्या. प्राचार्य हसावं की टाळ्या वाजवाव्यात या पेचात उभेच राहिले.

खरी अक्का बघायची तर त्यांच्या बैठकीत बघावी. सोफा भिंतीला सरकवलेला, आणि जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कागदाची लांबलचक गुंडाळी उलगडलेली. जहाज आवाजाचे ठोके खाली सोडत जातं, ते तळावर आणि तळाखालच्या थरांवर आपटून परत येतात, आणि यंत्र त्याचं चित्र कागदावर उमटवत जातं. तो हा कागद. त्यावरून अक्का गुडघ्यांवर रांगायच्या. चपला बाहेर, चहा बाहेर, आणि ज्याला घाई आहे तोही बाहेर. भेग पक्की असेल तर सलग रेघ, अंदाज असेल तर तुटक, आणि अंदाजही लंगडा असेल तर पुढं प्रश्नचिन्ह. आम्हा पोरांना सलग रेघांची फार हौस. "तुटक काढायला लाज वाटते काय?" त्या ओरडायच्या. "शंका आहे असं सांगण्यात काय गेलं?"

आणखी एक नियम होता. कागदावर काही विचित्र दिसलं की त्या वेळी जहाजावर यंत्रापुढं पाळीला कोण होतं, हे शोधून त्यालाच विचारायचं. "कागद अर्धंच बोलतो. उरलेलं तिथं बसलेल्या माणसाला विचारावं लागतं." त्या माणसाचं उत्तर त्या शेवटचं मानायच्या.

असा एक माणूस मी होतो.

सत्तावीस वर्षं हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता बावन्नाव्या वर्षी लिहून टाकतो.

मी त्यांचा संशोधक विद्यार्थी. किनाऱ्यापासून लांब, समुद्रतळाच्या उताराची पाहणी करायला आम्ही जहाजानं गेलो होतो. पाच दिवस मी नुसता ओकत होतो. अक्का, पोहता न येणारी बाई, डुलत्या जहाजावर मांडी घालून लावलेले पोहे खायच्या आणि मला लिंबाचं लोणचं चाटवत विचारायच्या, "लाटा कुठं आहेत रे?" पाळीवरच्या माणसाचं काम सोपं होतं. त्या कागदाची रुंदी ठरलेली असते. समुद्र खोल होत गेला की चित्र खालच्या कडेकडं घसरतं. मग एक बटण एक टप्पा फिरवायचं, की चित्र एका झटक्यात वर येतं. आणि त्याच क्षणी कागदावर वेळ घालून लिहायचं: टप्पा बदलला. ते लिहिलं नाही, तर मागाहून बघणाऱ्याला वाटणार की समुद्राचा तळच तिथं तुटलाय.

दुपारची पाळी होती. मी बटण फिरवलं आणि तोंडावर हात धरून कठड्याकडं पळालो. परत आलो तेव्हा कागद बराच पुढं गेला होता. नोंदवहीच्या रिकाम्या ओळी मी सुबक अक्षरात भरून टाकल्या. सर्व ठीक, सर्व ठीक. बटणाचं पार विसरलो. इथपर्यंत तो नुसता विसराळूपणा होता, असं मी म्हणू शकतो. पुढचं म्हणू शकत नाही.

दोन महिन्यांनी ती गुंडाळी अक्कांच्या बैठकीत उलगडली. त्या रांगत आल्या आणि नेमक्या त्या जागी थांबल्या.

"रघू, ही पाळी तुझी?"

"हो अक्का."

"इथं टप्पा बदललास काय?"

त्याच क्षणी मला सगळं आठवलं. बटण, बोटांखालची टक्, कठड्याकडची धाव, सगळं. आणि मी म्हणालो, "नाही अक्का."

"हौदा?" कानडीत 'असं का?' विचारायची त्यांची सवय होती.

"हो. नाही बदलला."

खोलीत आणखी दोघे विद्यार्थी होते. माझ्या ओकण्यावरून ते आधीच मला छळत होते, आणि 'हो, बदलला' म्हटलं असतं तर खोटी भरलेली वही बाहेर आली असती. एवढंच कारण. याहून मोठं काही कारण असतं तर बरं झालं असतं.

अक्कांनी कानामागची पेन्सिल काढून ठसठशीत सलग रेघ ओढली. जहाजाच्या शेजारच्या फेरीच्या कागदावर एक लहानशी खरी भेग होती, तिला ती जोडली. एवढी लांब भेग त्या भागात कुणालाच सापडली नव्हती. आनंदानं त्यांनी शिरा केला. मी तो दोनदा वाढून घेतला.

मग ती रेघ वाढायला लागली. अक्कांच्या लेखात छापून आली. माझी मुलगी दुसरीत होती तेव्हा ती कुठल्याशा परदेशी नकाशात गेली, आणि मुलगी दहावीला बसली तोवर कुणीतरी तिला दोन्ही टोकांनी लांबवलंही होतं. इथून भूकंप होऊ शकतो, असं लिहिणारे निघाले. मी तोपर्यंत संशोधन सोडून धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात माल तपासणीच्या खात्यात लागलो होतो. समुद्र सोसत नाही म्हणून सोडलं, असं सगळे समजले. मीही समजू दिलं. कारखान्यात मी कडक म्हणून प्रसिद्ध आहे. नोंद न करता कुणी यंत्राला हात लावलेला मला चालत नाही. पोरं मागं शिव्या देतात. बरोबरच आहे त्यांचं.

पण अक्कांकडं जाणं सुटलं नाही. दर रविवारी विद्यानगरातल्या माझ्या घरून बस धरून धारवाड. "आला माझा कारखानदार," म्हणून त्या दार उघडायच्या. मी शिडीवर चढून माळ्यावरच्या गुंडाळ्या उतरवून द्यायचो, नळ दुरुस्त करायचो, बिलं भरायचो. लोक म्हणायचे, असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं. अक्काही म्हणायच्या. ते ऐकताना नळात डोकं घालून बसणं सोयीचं पडायचं.

पंचाहत्तरी उलटल्यावर अक्कांनी आयुष्यभराचं काम एका नकाशात आणायला घेतलं. अळणावरची अश्विनी, त्यांची शेवटची विद्यार्थिनी, आता एका मोठ्या संस्थेत होती. नकाशा तिच्या हाती द्यायचा होता. एका रविवारी अक्का अगदी खुशीत होत्या.

"रघू, अश्विनीला जहाज मिळालं बघ. दोन दिवस ते तुझ्या भेगेवर थांबवणार आहे. तिथनं खालचा गाळ काढून बघणार."

"माझ्या कशाला, अक्का?"

"तुझीच की. या नकाशातल्या बाकी रेघा मी दहादा तपासल्यात. ही एकच डोळे मिटून घातली. तू होतास ना तिथं."

मी पंख्याकडं बघितलं, कॅलेंडरकडं बघितलं. मग म्हणालो, "अक्का, मी टप्पा बदलला होता."

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माळ्याकडं बोट दाखवलं. मी गुंडाळी उतरवली, उलगडली. खाली बसायला त्यांना वेळ लागला, पण माझा हात घेतला नाही. पट्टी लावून तळाची उडी मोजली, मग खालच्या प्रत्येक थराची. सगळ्या सारख्या.

"एक टप्पा. बरोबर एक," त्या म्हणाल्या. "हे मला तेव्हाच दिसलं होतं रे. म्हणून तर तुला विचारलं."

सत्तावीस वर्षांत मी स्वतःला पुष्कळ बोललो होतो. पण त्यांचं हे वाक्य मला सुचलं नव्हतं.

"आणि असलं खोटं बाकी किती?" त्यांनी विचारलं.

"हे एकच, अक्का. शपथ."

"तू म्हणतोस म्हणून?"

मी कागदाची कड सरळ करत बसलो.

"फोन काढ. अश्विनीला लाव. मी नाही सांगणार, तू सांग."

मी सांगितलं. अश्विनीनं गुंडाळी कुठली ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "सर, बरं झालं आत्ता बोललात. जहाज निघाल्यावर कळलं असतं तर मी तुम्हाला समुद्रात टाकलं असतं." मला हसू आलं. अक्कांना आलं नाही. "जा आता घरी," त्या म्हणाल्या.

पाच रविवार मी विद्यानगरात घरीच बसलो. बायकोला सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "म्हणून दर रविवारी नळ दुरुस्त करत होतात होय?" सहाव्या आठवड्यात फोन आला.

"येणार आहेस, की मी मरायची वाट बघतोयस?"

"अक्का, मला वाटलं..."

"साकु, पुरे. माझे गुडघे गेलेत. रांगायला माणूस पाहिजे."

माझ्या एकूण एक पाळ्या आम्ही परत तपासल्या. अक्का खुर्चीत, मी जमिनीवर. सात महिने. तपासताना त्या कडक असायच्या, तपासून झालं की तशाच वात्रट. "इथं काय केलंस? ओकलास काय? मग तसं लिही की. ओकण्याची नोंद चालते, खोट्याची नाही." माझी दुसरी खोटी नोंद निघाली नाही. अक्कांच्या स्वतःच्या पाळीतली मात्र एक चूक निघाली. एका ठिकाणी त्यांनी वेळच चुकीची घातली होती. मी मान वर केली. अक्का खुर्चीत ताठ बसल्या आणि करड्या आवाजात स्वतःलाच म्हणाल्या, "अक्का, ही पाळी तुमची काय?" मग स्वतःच खालमानेनं उत्तर दिलं, "हो. झोप लागली होती." दोघं इतके हसलो की शेजारीण डोकावून गेली. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले रविवार.

अक्का गेल्या त्याला आता वर्ष होईल. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. भेटायला येणारे त्यांच्याबद्दल पुष्कळ काही विचारतात. मी बोलणारा माणूस नाही. मला सारखा आठवतो तो त्याआधीच्या महिन्यातला दिवस, नकाशा प्रसिद्ध झाला तो.

कॉलेजचंच सभागृह. चाळीसएक माणसं, अश्विनी, तिच्या संस्थेतले दोघेतिघे. अक्का पहिल्या रांगेत, मी शेवटच्या. नकाशा पडद्यावर आला. अश्विनीच्या संस्थेतला एक तरुण उठला. "मॅडम, जुन्या नकाशात इथं एक लांब भेग होती. तिच्यावर आम्ही लेख लिहिलेत. ती कुठं गेली?"

अश्विनीनं अक्कांकडं बघितलं. 'नव्यानं तपासणी केली' म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि खोटंही झालं नसतं. अक्का खुर्चीतल्या खुर्चीत वळल्या आणि शेवटच्या रांगेकडं बोट केलं. "ते तिथं बसलेत, त्यांना विचारा. त्या वेळी पाळीला तेच होते."

चाळीस माना वळल्या. मी उठलो. जहाज, बटण, वही, बैठकीतला प्रश्न, माझं 'नाही'. जमेल तेवढं सांगितलं, बरंचसं माझ्या चपलांकडं बघून, आणि बसलो.

अक्कांनी कानावर तळहात धरला.

"पुढच्या रांगेला ऐकू नाही आलं रे," त्या म्हणाल्या. "मान वर करून परत सांग."

मी परत उठलो आणि सांगितलं.