कळंबची नळपट्टी आमच्या निम्मी का?

पंचमीचा दुसरा दिवस होता. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, कळंबहून माहेरी आली होती आणि उस्मानाबादच्या आमच्या घरात चहा पिता पिता तिनं काडी टाकली... "तात्या, आमच्याकडं नळपट्टी तुमच्या निम्मीच येते की!"

झालं! आमचे वडील, तात्या, कोर्टात कारकून. अन्याय दिसला की अर्ज लिहायचा, हा त्यांचा स्वभाव. एकाच जिल्ह्यात पाण्याला दोन भाव कसे? समाधान होईपर्यंत पट्टी भरणार नाही म्हणाले आणि कार्बन घालून नगरपालिकेला अर्ज ठोकला. मग दुसरा. मग तिसरा...

आक्का सासरी परतायच्या आतच उत्तर आलं. दर खर्चाप्रमाणे ठरलेले आहेत, आठ दिवसांत पट्टी भरावी, अन्यथा नळ तोडण्यात येईल. तात्या म्हणाले, "तोडू देत!"

आईनं चुलीपुढनंच दारातल्या नळाकडं बघितलं.

आम्ही बौद्ध. आई लहान असताना तिच्या गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. कुणीतरी वरून घागरीत पाणी ओतेल म्हणून ती पोर उन्हात बसून राहायची. पुढं लग्न होऊन इथं आली, तर बहात्तरच्या दुष्काळात पाण्यासाठी वणवण. आणि आता कुठं दारात स्वतःचा नळ आला होता... पितळेची ती तोटी ती दर सोमवारी चिंचेनं घासून लख्ख करायची.

नोटीस घेऊन शब्बीरचाचा आले होते. आमच्या भागात पाणी सोडायचं काम त्यांच्याकडं. त्यांनी फार शांतपणे समजावलं. "तात्यासाब, कळंबला नदी गावाला लागूनच. आपलं गाव बसलंय उंचावर. पाणी लांबून, खालून मोटरा लावून चढवावं लागतं. लाईट काय फुकट मिळते का?"

तात्यांना काही ते पटेना. चढ असला म्हणून काय दुप्पट? पुरावा काय?

आई इतका वेळ चुलीपुढं बसून ऐकत होती. ती पदर खोचून उठली आणि तिनं दोन रिकाम्या घागरी तात्यांपुढं आणून ठेवल्या. "एक शेजारच्या आडावरनं आणा. दुसरी खालच्या बारवंवरनं. मग मला सांगा, दोन्हीला कष्ट सारखेच लागले का."

आता बघा, त्या काळी गल्लीतला कुठला गडी पाण्याला जायचा? त्यात कोर्टातला माणूस, इस्त्रीचा पायजमा घातलेला! पण स्वतःच पुरावा मागून बसले होते... करतात काय? गेले.

आडावरची घागर पाच मिनिटांत आली. तात्यांनी ऐटीत आमच्याकडं बघितलं. मग दुसरी घागर घेऊन बारवेकडं उतरले.

उतरताना ठीक होतं हो. चढताना मात्र अख्खी गल्ली दारात येऊन उभी. पहिल्या वळणावर थांबले, लिंबाखाली थांबले, मारवाड्याच्या दुकानापुढं तर चक्क टेकले. समोरची मावशी ओरडली, "तात्या, येष्टीपरास जास्त थांबे घ्यायलाव की!" मी आणि आक्का हसून हसून लोळायच्या बाकी होतो.

आले एकदाचे. पायजमा भिजून पायाला चिकटलेला, घागर निम्मी. शब्बीरचाचांनी घागरीत डोकावलं आणि म्हणाले, "साब, हे वाटेत सांडलं ना, त्याचाबी खर्च पट्टीतच असतो बरं का."

तात्या ओट्यावर बसले आणि आधी धापा, मग हसू... स्वतःवरच इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

आई हसली नाही. तिनं त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "दरसाल आड आटला की हीच वाट म्या चढले, इतकी वर्षं. दिसाला चार खेपा. तुमच्या अर्जापायी पुन्ना चढायला लावू नका मला."

तात्यांचं हसू थांबलं. तसेच ओल्या पायजम्यानं उठले, पट्टी भरून आले. येताना चौथा अर्जही देऊन आले, त्याची कॉपी मी वाचली... 'अर्जदाराने स्वतः पाणी चढवून पाहिले आहे. तक्रार उरलेली नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. आई जागची उठायच्या आत तात्यांनी घागर धुतली, तोटीखाली लावली, भरली आणि आत नेऊन ठेवली. मग दुसरी. आई ओट्यावर बसून नुसतं बघत होती, हातात चहाची बशी...

खरं सांगते, इतकी खूश मी तिला पुढं माझ्या लग्नातसुद्धा बघितली नाही!