वाहता नळ

कुणाच्या घरी बंद दाराआड नळ उगाच वाहताना ऐकला, की मी आजही अस्वस्थ होतो.

विशीत दोन वर्षं मी परदेशात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा धर्मप्रचारक होतो. प्रचाराला दोघादोघांच्या जोड्या असत आणि जोडीदाराला कधीही एकटं सोडायचं नाही, हा आमचा नियम. जेवताना, झोपताना, दारोदार फिरताना आम्ही दोघं सोबतच. एकटं होण्याची जागा एकच, बाथरूम. तिथे मी नळ सोडून रडायचो.

एके दिवशी सकाळपासून एकाही घराचं दार उघडलं नाही. एका बाईंनी खिडकीतूनच हातानं ‘जा’ म्हटलं. जोडीदार हसून म्हणाला, “चल, पुढचं घर.” खोलीवर आल्यावर मात्र तो बाथरूममध्ये शिरला आणि नळ वाहतच राहिला.

इतका वेळ हात कोण धुतं? देव कुणाला एकटं सोडत नाही, असं आम्ही लोकांना सांगत होतो. आणि चोवीस तास शेजारी असणाऱ्याचं रडणं मला पाण्याच्या आवाजावरून कळत होतं. दार वाजवायला माझा हात उचलला गेला नाही.

तो बाहेर आला. डोळे लाल. माझ्याकडे न बघता म्हणाला, “जा तू. नळ चालूच ठेवलाय.”