लुगड्याचं पलीकडचं टोक

गोविंदभावजींना मी शेवटचं पाहिलं ते पेजेची वाटी घेऊन गेले तेव्हा. तापाने माणूस पार वाळून गेला होता, पण जीभ तेवढी जागेवर. म्हणाले, "वहिनी, माझ्यामागे मैदानात नुसती लुगडीच वाळायची की काय हो?" मी म्हटलं, "गप पडा. आधी पेज प्या, मग पुढची काळजी करा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ तुळसा, दारात येऊन उभी राहिली. तिचं तोंड बघितलं... आणि मी हातातला तांदूळ तसाच सुपात टाकून उठले. त्याला आता महिना होऊन गेला. मला लिहिता येत नाही. मी बोलतेय आणि सून उतरवून घेतेय. तेव्हा जे आहे ते तोंडचं आहे, गोड मानून घ्या.

आम्ही लष्कर मोहल्ल्यातले रंगारी. म्हैसुरात कितव्या पिढीपासून आहोत, ते आमच्या मामंजींनाही सांगता येत नसे. घरात मराठी, दारात कन्नड आणि हात कोपरापर्यंत निळे. अशा घरात हा माझा धाकटा दीर नाटकाच्या नादाला लागला. चार सवंगडी जमवून त्याने कंपनी काढली, पत्र्याचं नाटकघर भाड्याने घेतलं, आणि अंगाने सडसडीत म्हणून राणीचं काम स्वतःच करायला लागला. बाप्ये यायचे, माना डोलवायचे, पान थुंकून घरी जायचे. दर वर्षी तेच चेहरे, फक्त केस पिकलेले. भावजी म्हणायचे, "ही माणसं म्हातारी झाली की नाटकही म्हातारं होऊन मरणार. जे आईने पाहिलं नाही ते पोराला कोण सांगणार?" म्हणून बायकांसाठी त्यांनी चिकाचा पडदा लावून वेगळे बाक मांडले. आली का एक तरी बाई? बाकांवर मांजर निजायचं.

येणार कशी? मामंजींनी घरात सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी या घरची बाई नाटक बघेल, त्या दिवशी गोविंदा घराबाहेर." म्हातारा बोलला की बोलला, काळ्या दगडावरची रेघ. आणि भावजींना घर सोडवत नव्हतं, आईत जीव अडकलेला. एके दिवशी चुलीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, "तुम्हा बायकांना हौसच नाही." झालं! माझं डोकं सटकलं. म्हटलं, "हौस नाही? दिवेलागणीला तुमचं नाटक सुरू, तेव्हा इथे भाकऱ्या कोण भाजणार, तुमची राणी? आणि परसात तालीम करता ते ऐकू येतं, ती राणी बोलते तरी काय, पुरोहितासारखं! आम्हाला अर्धं कळत नाही. दुपारभर आम्ही सगळ्या मोहल्ल्याच्या बाया वाळवणाच्या मैदानात लुगडी राखत बसलेल्या असतो. आम्ही तुमच्याकडे यायचं, हे कुणी ठरवलं? तुम्ही या की!"  भावजी उठून गेले ते जेवायलाच आले नाहीत.

तळ्याकाठचं आमचं मैदान म्हणजे बांबूंवर दोऱ्या, आणि दोऱ्यांवर रंगवलेली, छापलेली नऊवारी लुगडी, ओळीमागे ओळ. मध्ये शिरलं की चारी बाजूंनी कापडाच्या भिंती, बाहेरून काही दिसत नाही. कामावर गेलेल्या बाईला कोण अडवणार? एका दुपारी दोन लुगड्यांच्या फटीतून राणी आत आली. सासूबाई माझ्या शेजारी सुपारी कातरत होत्या. "अय्यो, हा तर गोविंदा!" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. पण राणी बोलायला लागली ती आमच्या गल्लीतलं, निम्मं मराठी, निम्मं कन्नड, आणि बाया पुढे सरकल्या. नवरा रानात टाकून गेलाय, राणी लोकांची धुणी धुतेय, असा प्रवेश. भावजींनी खरंच ओलं लुगडं घेतलं आणि एकट्यानेच पिळायला लागले. मला वाईट वाटलं आणि रागही आला, कारण आमच्या घाटावर असं होत नाही. दोघींचं सात जन्मांचं भांडण असलं तरी शेजारची बाई पलीकडचं टोक धरते. एकटीला पिळू देत नाहीत.

सासूबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. उठल्या, सरळ राणीपाशी गेल्या. "एकटी कशी गे पिळतीस? दे ते टोक इकडे." ...आणि धरलं. राणी एका बाजूने पीळ देतेय, सासूबाई दुसऱ्या बाजूने, आणि भावजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. नाटकातलं की खरं, देव जाणे. आम्ही सगळ्या रडत होतो.

तेवढ्यात लुगडी बाजूला सारून मामंजी आत आले, हातात काठी. कुणीतरी चुगली केलीच होती.  त्यांची बायको नाटक बघत नाहीये, नाटकात उभी आहे! म्हाताऱ्याने काठी उचलली आणि कन्नडात गरजला, "साकु!" मग मराठीत, "अगे, पुरे! कच्चा रंग आहे तो, एवढं पिळलंत तर छापा जाईल!"  मग मैदान जे हसलं म्हणता! स्वतः मामंजीसुद्धा. सासूबाई टोक न सोडता म्हणाल्या, "मग बसा तिथे आणि सांगा किती पिळायचं ते." म्हातारा बसला. शेवटपर्यंत बसला. घराबाहेर जाण्याची गोष्ट त्या घरात पुन्हा कुणी काढली नाही.

पुढे भावजींनी ती राणी कुठे कुठे नेली! विणकरांच्या गल्लीत, चामराजपुरमच्या अंगणांत, नजरबादला अधिकाऱ्यांच्या परसात. राणी तीच, बोली त्या त्या गल्लीची. धुण्याच्या प्रवेशाला ते एक टोक धरायचे, दुसरं बायांकडे करायचे आणि थांबायचे. कुणी उठेपर्यंत पुढचं वाक्य नाही. आणि दर वेळी कुणीतरी उठायचंच, कधी हात निळे, कधी सोन्याच्या पाटल्या घातलेले. भावजी म्हणायचे, "वहिनी, नाटक एकट्याने पिळता येत नाही." त्या बाया मग पोरांना घेऊन नाटकघरात यायला लागल्या. चिकाचा पडदा? तो एका दसऱ्याला आम्हीच ओढून काढला. पुढचं दिसत नव्हतं!

तेराव्यानंतर मैदानात गेले. बायांनी लुगडी वाळत घातली होती, आणि मधल्या ओळीत माणूसभर फट सोडलेली. कुणी सांगितलं नव्हतं. हाताला सवयच तशी. सगळ्या बसल्या होत्या आणि त्या फटीकडे बघत होत्या. तुळसाने पिशवीतून राणीचं लुगडं काढलं, बादलीत बुडवलं आणि माझ्या हातात दिलं. "मला नाही जमायचं, जाऊबाई. तुम्हाला सगळं पाठ आहे."

पाठ तर होतंच. या वयात, या गुडघ्यांनी, मी ओळीमागे गेले आणि फटीतून आत आले. पहिलं वाक्य बोलले तेव्हा आवाज कापला, दुसऱ्याला नाही. धुण्याचा प्रवेश आला. मी एक टोक घट्ट धरलं, दुसरं पुढे केलं आणि थांबले...

भावजी, अख्खं मैदान उठलं हो.