साडीचे दोन तुकडे

रामदास गावंडे आमच्या हडपसरच्या बिस्किट कारखान्यात स्वच्छतेवर देखरेख करतो. टोपी घातली का, नखं कापली का, हात कोपरापर्यंत धुतले का, हे पाहिल्याशिवाय तो कुणाला आत सोडत नाही. वाशीमहून आलेला, तिशीतला, अबोल माणूस. कॅन्टीनमधलं धुतलेलं ताटही तो पुन्हा विसळून घेतो. पोरं त्याला 'सोवळेबुवा' म्हणतात. तो हसतो आणि विसळत राहतो.

गेल्या फेब्रुवारीत त्याला मुलगा झाला आणि दुसऱ्याच दिवशी बाळ निळं पडलं. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींच्या जागी होत्या. बाळाला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवलं आणि सातव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. बायको सोनाली हडपसरच्या प्रसूतिगृहातच राहिली. सिझेरियनचे टाके उसवल्यामुळे ते पुन्हा घालावे लागले होते आणि तिला खाटेवरून उतरायची मनाई होती. तिच्याजवळ तिची आई होती. बाळाजवळ रामदास एकटा.

जवळ म्हणजे अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर. सकाळी अकराला दहा मिनिटं आणि दुपारी चारला दहा मिनिटं आत सोडत, तेही मोबाईल दाराशी ठेवून. बाकीचा दिवस बाक. इतर बाळांची माणसं चार-चार, पाच-पाच येत, डबे उघडत. मग पहारेकरी शांतपणे म्हणे, "मंडळी, सहलीसाठी सारसबाग आहे." रामदासला तो कधी काही बोलला नाही, कारण रामदासकडे डबाच नव्हता. आपल्यालाही कुणी तरी हटकावं, असं त्याला वाटायचं. हे त्याने मला कामावर परतल्यावर सांगितलं. आम्ही फोन करायचो, पण भेटायला कुणी गेलं नाही. आत सोडत नाहीत, हे आम्हाला ठाऊक होतं. बाकावर बसायला कुणाची आडकाठी नव्हती, हे सुचलं नाही.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी हेमा सिस्टरनी त्याला एक काम दिलं. बायकोच्या जुन्या सुती साडीचे दोन तुकडे आणायचे. एक तिने अंगाशी ठेवायचा, एक बाळाच्या डोक्याजवळ राहील, आणि रोज त्यांची अदलाबदल करायची. स्वच्छ पिशवीतून आणा, एवढंच त्या म्हणाल्या. रामदासने कारण विचारलं नाही. काहीतरी करायला मिळालं, हेच त्याला पुष्कळ होतं. काम तो आपल्या पद्धतीने करू लागला. बाळाकडचा तुकडा दुपारी रुग्णालयाच्या नळावर जंतुनाशकाने धुऊन, वाळवून तो बसने सोनालीकडे न्यायचा. तिच्याकडचा तुकडा खोलीवर नेऊन धुवायचा आणि इस्त्री करून सकाळी बाळाकडे. सोनाली रोज तुकडा नाकाशी धरायची आणि काही न बोलता अंगाशी ठेवायची.

शस्त्रक्रियेनंतर सहाव्या दिवशी सकाळी बाळाची श्वासाची नळी काढली. अकराला रामदास आत गेला तेव्हा बाळ तळमळत होतं. पडद्यावर ठोके एकशे नव्वद. झोपेचं औषध वाढवलं तर श्वास मंदावेल, आणि असंच चाललं तर चारपर्यंत नळी परत घालावी लागेल, असं सिस्टरनी सांगितलं. बोलता बोलता त्यांनी पिशवी उघडली आणि त्या थांबल्या.

"हे धुतलंत?"

"हो. दोनदा. इस्त्रीपण केली."

"रोज?"

"रोज."

"अहो, आईचा वास यावा म्हणून मागितलं होतं ते. तुम्ही चार दिवस त्याला जंतुनाशक हुंगवताय."

हडपसरला जाऊन येण्यात दुपार गेली असती. सिस्टरनी तोच तुकडा त्याच्या हातात दिला. बनियनच्या आत, छातीशी ठेवा, तासाभराने मागते, म्हणाल्या.

"माझा कशाला? मला कुठे ओळखतो तो."

"रोज दोन वेळा त्याच्यावर वाकून कोण उभं असतं?" त्या म्हणाल्या आणि बाळाजवळचा तुकडा पिशवीत घालून दिला. "हा तरी तसाच न्या."

छातीवर हात दाबून तो बाकावर बसला. धुवायला, वाळवायला आज काहीच नव्हतं. शेजारच्या आजींनी विचारलं, छातीत दुखतंय का. नाही, म्हणाला. तासाभराने सिस्टर आल्या आणि तुकडा घेऊन आत गेल्या.

चारला ठोके एकशे चौसष्ट होते. बाळ तुकड्याकडे तोंड करून झोपलं होतं. कापडामुळे की आपोआप, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण नळी घालायची नाही.

हडपसरला त्याने सोनालीच्या हातात पिशवी दिली. नेहमीप्रमाणे तिने तुकडा नाकाशी धरला, पण आज तो खाली घेतलाच नाही. तिचे खांदे हलायला लागले. रामदासने घाबरून धुण्याचं सगळं सांगून टाकलं.

डोळे पुसून ती म्हणाली, "मला वाटलं होतं, बाळ गेलं. तुम्ही सांगत नाही आहात, नुसतं कापड नेता-आणता आहात."

चार दिवस तिने हे आईलाही सांगितलं नव्हतं.

मग तिने अंगाशी धरलेला दुसरा तुकडा काढून दिला. तो ओलसर होता, एका कडेला दुधाचा पिवळट डाग होता. रामदासचे हात शिवशिवले. पण त्याने तो झटकलाही नाही. होता तसा पिशवीत ठेवला आणि तोंड घट्ट बांधलं.