गाडीची काच आणि मीनलचा गळा

आजवर माझ्या हातून एकच वस्तू पूर्ण दुरुस्त झाली आहे, आणि ती खरंच दुरुस्त झाली का हे बघताना मी ती पुन्हा बिघडवली.

ती वस्तू म्हणजे आमच्या गाडीची पुढची डावी काच. बटण दाबलं की वर, दाबलं की खाली, एवढंच तिचं काम. पण माणसाकडे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी असली की अशा कामात हात घालायचा आपल्याला हक्क आहे, असं त्याला वाटू लागतं. (पदवी बावीस वर्षांपूर्वीची. त्यानंतर मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात चिकटलो आणि विजेशी माझा संबंध टेबलावरच्या दिव्यापुरता उरला.)

आम्ही मूळचे सांगलीचे. बदली होऊन चंडीगडला आलो त्याला चार वर्षं झाली. इथल्या मराठी मंडळात निम्मे लोक लष्करातले, निम्मे आमच्यासारखे सरकारी. त्यामुळे दर वर्षी खजिनदार, तबलजी किंवा मुख्य गायिका यांपैकी कोणाची तरी बदली होतेच. या वर्षी गायिकेची पाळी होती. एका कर्नलसाहेबांच्या पत्नी सामान बांधून आसामला गेल्या आणि संक्रांतीच्या कार्यक्रमात एकटीनं गायची संधी माझ्या बायकोला, मीनलला मिळाली. तोवर तीन वर्षं ती कोरसमध्ये डावीकडून चौथी उभी राहत होती! दोन महिने तिनं एका भावगीताचा रियाझ केला. थंड पाणी बंद, दही बंद, लोणचं बंद. (तिचं बंद म्हणजे घरात सगळ्यांचंच बंद.)

कार्यक्रम रविवारी दुपारी चार वाजता, शेजारच्या पंचकुल्यात. शनिवारी सकाळी सेक्टर सतराच्या बाजारातून परत येताना मीनलनं रेवड्या घ्यायला काच खाली केली, आणि ती पुन्हा पूर्ण वर येईना. चार बोटं उघडी राहिली. बाहेर धुकं असं, की आठ दिवसांत सूर्य दिसला नव्हता.

"अहो, आत्ताच्या आत्ता इंडस्ट्रियल एरियात चला," मीनल गळ्याभोवती मफलर गुंडाळत म्हणाली. "तिथे मेकॅनिक बसलेले असतात. उद्या रविवार, सगळं बंद असेल."

"मेकॅनिक कशाला? दहा मिनिटांचं काम आहे."

"तुम्ही करणार?"

"मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, मीनल."

"बाबा, प्लीज मत करो," मागून सई म्हणाली. सई आमची मुलगी, वय तेरा. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. निदान या बाबतीत मी तिचं ऐकायला हवं होतं, कुठल्याही भाषेत.

घरी आल्यावर मी कामाला लागलो. पहिला संशय फ्यूजवर. स्टिअरिंगच्या खाली डोकं घालून मी सगळे फ्यूज एकेक करून काढले, उजेडात धरून बघितले आणि परत बसवले. सगळे उत्तम होते. इतके उत्तम की शेवटी एक हातात उरला. तो मी एका रिकाम्या खाचेत बसवून टाकला. काच तिथेच. मात्र हॉर्न बंद पडला. मी तो पुन्हापुन्हा दाबून बघितला.

"हॉर्न का वाजत नाहीये?" मीनल गॅलरीतून ओरडली. (दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच ओरडली होती. गळ्याला जपायचं म्हणून ती आम्हाला टाळ्या वाजवून बोलवायची.)

"तात्पुरता बंद ठेवलाय!" मी म्हणालो.

एवढ्यात शेजारचे ग्रेवालजी आले. बँकेतून निवृत्त झालेले, साठीच्या पुढचे, पण आवाज असा की सोसायटीच्या तिन्ही मजल्यांवरचे लोक बाहेर बघू लागतात. त्यांनी काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"देसाई साब, इसमें सोचना क्या है? बटन दबाके रखो."

मी बटण दाबून धरलं. ग्रेवालजींनी पंजा उघडला आणि दरवाजावर एक सणसणीत चापट मारली. काच सर्रकन वर गेली आणि घट्ट बंद झाली!

बस. इथे ही गोष्ट संपायला हवी होती. काच बंद होती. हिवाळा बाहेर होता. दुसऱ्या दिवशी मीनल छान गायली असती, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि मला हे लिहावं लागलं नसतं.

पण मी मीनलला हाक मारली. "ये, बघ! झालं की नाही?"

ती खाली आली. बंद काच बघून तिचा चेहरा उजळला. "अगंबाई! खरंच केलंत की."

गेल्या कित्येक वर्षांत तिनं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. त्या नजरेनं माझी बुद्धी फिरली. "थांब, चालवून दाखवतो," मी म्हणालो.

"नको! बंद आहे ना, राहू दे!"

"ओ ना जी, ना!" ग्रेवालजीही म्हणाले.

मी बटण दाबलं. काच खाली आली. अर्ध्यापर्यंत आली, पाऊण आली, मग दरवाजाच्या पोटात कर्रर्र असा आवाज झाला आणि ती पार दिसेनाशी झाली. वर यायचं बटण दाबलं तर आत काहीतरी नुसतंच गरगरत होतं. ग्रेवालजींनी आणखी तीन चापट्या मारल्या. शेवटची जरा रागानं मारली असावी. मग "चाय ठंडी हो रही है" असं म्हणून ते निघून गेले.

त्यानंतर मीनल माझ्याशी बोलली नाही. गळ्याला जपत होती, अशी मी समजूत करून घेतली.

दुपारी मी दरवाजाचं आतलं कव्हर उघडलं. स्क्रू दोनच होते, बाकी सगळं प्लास्टिकच्या क्लिपांवर. क्लिप हळू ओढायची असते. मी जोरात ओढली. टक्! टक्! टक्! नऊपैकी सात क्लिपा गेल्या. (उरलेल्या दोन मला सापडल्या नाहीत म्हणून वाचल्या.) आत हात घातला, तर पत्र्याच्या कडेनं अंगठा कापला. डाव्या हाताने काच पकडून, ती जिथे अडकली होती तिथले बोल्ट सैल करून मी तिला वर ओढलं. आली! पण हात सोडला की धप्पकन खाली. खालून काहीतरी आधार हवा होता. आधाराची लांबी मी वितेनं मोजली आणि बरोबर त्या मापाची एक वस्तू घरात आहे, हे मला आठवलं.

दरवाजा बंद करून, वरून चिकटपट्टी मारून मी सहा वाजता घरात गेलो. काच दगडासारखी पक्की बसली होती.

रविवारी सकाळी मीनल गुळपोळ्या करायला उठली. "माझं लाटणं कुठाय?"

मी पेपर वाचत होतो.

"सई, लाटणं घेतलंस?"

"मैं क्यों लूँगी?"

"काल तर इथेच होतं!" सगळं स्वयंपाकघर पालथं घातल्यावर तिनं गुळपोळ्यांचा नाद सोडला आणि तिळाचे लाडू वळले. मी पेपरातलं एकच पान चाळीस मिनिटं वाचत होतो.

दुपारी निघताना ती म्हणाली, "टॅक्सीनं जाऊया का? उगाच परीक्षा कशाला?"

"काच मी स्वतः बसवलीय," मी दुखावलेल्या आवाजात म्हणालो. तिला वाईट वाटलं असावं, कारण ती गाडीत बसली. तेही पुढे, त्या काचेशेजारी. अंगावर पैठणी, वर शाल, त्यावर मफलर, आणि केस बिघडणार नाहीत अशा बेतानं डोक्यावर माझी माकडटोपी.

मध्य मार्ग नावाच्या हमरस्त्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथे एक स्कूटरवाला आडवा आला. मी हॉर्न दाबला. हॉर्न (आठवत असेलच) वाजला नाही. मग मी करकचून ब्रेक दाबला. दरवाजाच्या आत काहीतरी गडगडत गेलं, चिकटपट्टी फाटली आणि काच डोळ्यांदेखत खाली गेली. जानेवारीतलं सगळं चंडीगड एकदम गाडीत शिरलं.

"अहो!!" मीनल किंचाळली. इतका वरचा सूर तिला रियाझात कधीच लागला नव्हता.

"मागे बस, मागे वारा कमी लागतो!"

ती मागे गेली, सई पुढे आली. मागे वारा जास्त लागतो, हे तेव्हा कळलं. "हेच शिकलात का कॉलेजात? सांगत होते, मेकॅनिककडे चला! सांगत होते, टॅक्सी करा!" मागून सुरू झालं. "बोलू नकोस, गळा सांभाळ," मी कळवळून म्हणालो, तशी ती आणखी बोलली. तिचा गळा वाऱ्यानं बसला की माझ्यावर ओरडून, याबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत.

शेवटी सईनं गाडीतली मोठी काळी छत्री काढली आणि खिडकीसमोर उघडून धरली. वारा थांबला! मला मुलीचा अभिमान वाटला. पुढच्या चौकात वाहतूक पोलिसानं हात दाखवला.

"ओ भाईसाब, मींह गड्डी दे अंदर पै रया?" पाऊस गाडीच्या आत पडतोय का, असं तो विचारत होता.

"नहीं जी, वो…"

"लेफ्ट साइड का शीशा दिखता है आपको?" तो आरशाबद्दल बोलत होता.

"शीशा ही तो नहीं है जी," मी काचेबद्दल बोललो.

त्यानं वाकून आत बघितलं. पुढे छत्रीवाली मुलगी, मागे पैठणी नेसून माकडटोपी घातलेली, डोळ्यांत पाणी आलेली बाई. "मैडम ठीक हैं?" त्यानं हळूच विचारलं.

मीनलनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज आलाच नाही.

पोलिसानं आम्हाला छत्री मिटायला लावून सोडून दिलं. त्याला आमची दया आली होती. मला मात्र आता खरोखर धडकी भरली. आरशात मीनल दिसत होती. ती ओरडत नव्हती, रडतही नव्हती, नुसती बाहेर बघत होती. दोन महिने तिनं दही खाल्लं नव्हतं.

हॉलमध्ये तिला गरम पाणी दिलं, मध दिला, कुणी तोंडात लवंग कोंबली. उपयोग शून्य. निवेदिकेनं नाव पुकारलं. मीनल उठली, सईचा हात धरला आणि तिला ओढतच मंचावर घेऊन गेली. माईकपुढे वाकून तिनं घोगऱ्या आवाजात एवढंच सांगितलं, "माझा आवाज बसलाय. ही गाईल."

"मम्मी! मुझे नहीं आता!" सई पुटपुटली. माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

पण पेटी सुरू झाली आणि तिला ते आलं. दोन महिने भिंतीपलीकडून सकाळ-संध्याकाळ ऐकलेलं गाणं तिच्या तोंडातून जसंच्या तसं बाहेर पडलं, प्रत्येक शब्द स्वच्छ मराठी, 'ळ'सुद्धा 'ळ'च्या जागी. घरात "पाणी आण" म्हटलं तर "लाती हूँ" म्हणणारी पोर! मीनल बाजूला उभी राहून हातानं ताल देत होती आणि मफलरनं डोळे पुसत होती. मी शेवटच्या रांगेत उभा होतो. मलाही काहीतरी झालं, पण ते धुक्यामुळे असेल.

टाळ्या थांबल्यावर मी मीनलजवळ जाऊन म्हणालो, "बघ, काच बिघडली नसती तर पोरीचा गळा आपल्याला कळलाच नसता."

तिनं माझ्याकडे जे बघितलं, त्याला आवाजाची गरज नव्हती.

सोमवारी रजा टाकून आम्ही दोघं इंडस्ट्रियल एरियात गेलो. मेकॅनिक पन्नाशीचे सरदारजी. त्यांनी कव्हर उघडलं, आत हात घातला आणि लाटणं बाहेर काढलं. ते त्यांनी बराच वेळ उलटसुलट करून बघितलं.

"ये कंपनी फिटिंग तो नहीं है," ते म्हणाले.

मीनलनं लाटणं त्यांच्या हातातून काढून घेतलं. मी एक पाऊल मागे सरलो.

मग त्यांनी निदान सांगितलं. थंडीत काचेचं रबर सुकून आवळलं होतं, म्हणून काच अडकली. रबराला थोडा स्प्रे मारला असता तर काम झालं असतं. पण नंतर कोणीतरी बोल्ट सैल केले, तार रुळावरून घसरलेली बघितलीच नाही, क्लिपा मोडल्या, फ्यूज भलत्याच जागी घातला.

"किसने खोला था इसको?"

"था… एक मेकॅनिक," मी म्हणालो.

"मेकॅनिक? वो मेकॅनिक नहीं, कसाई है जी! अनपढ़ आदमी!" पुढची दहा मिनिटं ते काम करता करता त्या माणसाला शिव्या घालत होते आणि मी "सही बात है" म्हणत मान हलवत होतो. "मैडम, उस बंदे के पास दोबारा मत जाना."

मीनलचा आवाज अजून फुटला नव्हता. तरी तिनं घसा खाकरला आणि अख्ख्या वर्कशॉपला ऐकू जाईल इतक्या ताकदीनं म्हणाली, "जाना नहीं पड़ता, भैया. शाम को वो खुद ही घर आ जाता है."

सरदारजींचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे बघितलं. हसले मात्र नाहीत. उरलेलं काम संपवून, हात पुसून, चावी मला द्यायला म्हणून पुढे केलेला हात त्यांनी अर्ध्यातच वळवला आणि ती मीनलच्या हातावर ठेवली.

मी मागचं दार उघडलं, गुपचूप बसलो, आणि कुठल्याही बटणाला हात लागू नये म्हणून घरी येईपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवले.