धुक्यातली अदब

सकाळी घाटात दाट धुकं होतं. मी गाडी चालवत कडेची पांढरी पट्टी शोधत होतो. शेजारी माझी मुलगी मुक्ता बसली होती. ती को-पायलट आहे. एका वळणावर ती एकदम म्हणाली, "बाबा, थांबा!" मी ब्रेक दाबला. समोर बंद पडलेला ट्रक उभा होता.

वाचलो, तरी तिचा सूर मला खटकला. तिला ते कळलं असावं. काचेवरची वाफ पुसत ती म्हणाली, "मागे एकदा विमान उतरवताना असंच धुकं होतं. कॅप्टन बाहेर धावपट्टीचे दिवे शोधत होते. आपण फार खाली आलोय, हे मला उंचीच्या काट्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी मी म्हटलं, 'सर, आपण जरा खाली आलोय का?' त्यांना वाटलं, मी नुसतं विचारतेय. इशाऱ्याचा भोंगा वाजला, तेव्हा कुठे त्यांनी विमान वर घेतलं."

किती घरांत, किती कचेऱ्यांत कुणाला तरी समोरचं दिसत असतं, आणि ते माणूस नम्रपणे नुसतं विचारत राहतं.

काच पुन्हा धुरकट झाली. मोठ्यांना सरळ सांगू नये, अदबीनं विचारावं, हे तिला लहानपणी मीच शिकवलं होतं.